चौथ्या लेनची खरी वेळ

खोटं बोलायची खोड मला आहे. म्हणूनच हे शपथेवर सांगतोय. नाही पटलं तर सोडून द्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार, संध्याकाळचे साडेपाच. शाळेचं मैदान.

पण आधी माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. आमची चिमणी. एकोणीस वर्षांची, चारशे मीटर पळायची. स्टॉपवॉच माझ्या हातात असायचं. निवडीसाठी सत्तावन्न सेकंदांच्या आत यायला हवं होतं. मी तिला कायम एक सेकंद वाढवून सांगायचो. पोरगी हुरळून जाऊ नये म्हणून. मोठा शहाणा ना मी!

त्या रविवारच्या वर्षभर आधी, एका सकाळी ती छप्पन्न पॉइंट नऊला आली.

मी म्हणालो, "सत्तावन्न पॉइंट नऊ."

"परत पळते, दादा."

सात वाजता शाळा भरायची, म्हणून मैदान बंद झालं. ती रस्त्यावर पळायला गेली. मागून टँकर आला.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू मृत झालाय. अवयवदानाच्या कागदावर आम्ही सह्या केल्या. हृदय, मूत्रपिंडं, डोळे. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा! टँकरवाल्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मीही घातल्या. लाज कशी वाटली नाही मला?

वर्षाने, त्या रविवारी, तिच्या आठवणीत शर्यत ठेवली. चौथी लेन तिची, म्हणून रिकामी सोडली. जिला तिचं हृदय मिळालं ती बाईही आली होती. शिवणकाम करणारी, पंचेचाळिशीची. आई तिच्या शेजारी बसली.

"जरा ऐकू का गं?" म्हणाली, आणि तिच्या छातीला कान लावला.

शिट्टी झाली. पाच मुली पळाल्या.

मला सहा जणींची पावलं ऐकू येत होती...

चौथ्या लेनमध्ये कुणीच नव्हतं. तिथली धूळ मात्र उडत होती.

माझ्या खिशात काहीतरी वाजलं...

स्टॉपवॉच. त्यातला सेल मी स्वतः काढून फेकला होता.

छप्पन्न पॉइंट नऊ.

पाचही मुली अजून रेषेच्या अलीकडेच होत्या.

मागे कुणीतरी धापा टाकत होतं...

ती शिवणवाली. खुर्चीतून हललीही नव्हती, पण घामाने निथळत होती.

"दादा... किती?"

माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई!

जित्याची खोड. तोंडून निघूनच गेलं, "सत्तावन्न पॉइंट नऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आता तरी खरी सांग ना रे."

पुढच्या क्षणी तिने पाणी मागितलं. काय बोलली ते तिला काही आठवत नव्हतं.

पण आईचा कान अजून तिच्या छातीवरच होता. तिने मान वर केली.

"कसली खरी वेळ रे?"

"काही नाही, आई."

स्टॉपवॉच कपाटात आहे. आकडा अजून तोच आहे. त्याची भीती नाही वाटत मला.

आईने परत कधीच विचारलं नाही. रोज मला ताट वाढते, समोर बसते, आणि मी जेवून उठेपर्यंत माझ्याकडे बघत राहते...