पाजायची वेळ

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या कुत्रीला सगळे ‘बाईसाहेब’ म्हणत. दुकानाच्या दारात बसून ती गिऱ्हाइकाला पायापासून डोक्यापर्यंत अशी निरखायची, की जणू मापं तीच घेणार! ती व्याली, चार पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी मावशींनी प्राण्यांच्या डॉक्टरणीला फोन केला.

“डॉक्टर, हिचं रक्त थांबत नाहीये हो.”

“बाळंतपणानंतर थोडं जातंच, मावशी. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.”

रक्त किती जातंय, हिरड्या कशा दिसतात, एकही प्रश्न तिनं विचारला नाही. घाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी कुत्रीला चादरीत गुंडाळून आणलं. हिरड्यांवर लाल ठिपके उठले होते. सुई टोचली तिथून रक्त वाहतच राहिलं. डॉक्टरणीनं थोडं काचेच्या नळीत घेतलं. दहा मिनिटांत गोठायला हवं होतं, ते अर्ध्या तासानंतरही पाण्यासारखं हिंदकळत होतं. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं. दुपारी बाईसाहेब गेली.

“काल आणली असती तर?” मावशींनी विचारलं.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

सांगता येत होतं. आठवडाभर तो फोन डॉक्टरणीच्या मनातून जाईना. शेवटी एका दुपारी मनाचा हिय्या करून ती दुकानात गेली. मावशी कापड बेतत होत्या. टेबलाखालच्या खोक्यात पिल्लं झोपली होती, चांगली गरगरीत. दुधाच्या बाटल्या फळीवर कोरड्या ठणठणीत.

“यांना पाजतं कोण?”

मावशींची कात्री थांबली. “बाटलीला तोंडच लावत नाहीत. पहिल्या दिवशी रडले मी. आता विचारत नाही.”

तिनं पिल्लांची वजनं केली. जन्माच्या दुप्पट भरली.

“मावशी, चूक माझी होती. त्या दिवशी फोनवर ‘लगेच आणा’ म्हणायला हवं होतं मी. कदाचित वाचली असती.”

मावशींनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. तिची पाजायची वेळ झालीय.”

पिल्लं जागी झाली. नुकते कुठे डोळे उघडू लागलेले ते चार जीव धडपडत खोक्याच्या मोकळ्या बाजूला गेले आणि ओळीनं बिलगले. कशाला, ते दिसेना. पंजे दाबू लागले. चुटूचुटू आवाज येऊ लागला.

तिथली चादर खोल दबली होती.

तिनं हात पुढे केला. चावू दे. चावावंच तिनं.

बोटांना ऊब लागली. मग एक ओली, गरम जीभ तिच्या मनगटावरून सावकाश फिरली. एकदा. पुन्हा एकदा.

तिनं हात ओढून घेतला. मावशींनी वर न बघताच एक चिंधी पुढे केली.

“पुसा. आणि जाताना दार ओढून घ्या,” त्या म्हणाल्या. “अजून बाळंतीण आहे ती. वारा सोसत नाही.”