गॅरेजच्या चार खुंट्या

एका घराची आखणी करायला मला अर्धा दिवस पुरतो. मोजणीची दुर्बीण, टेप, हातोडा आणि लाल डोक्याच्या खुंट्या, एवढंच सामान. प्रत्येक खुंटीवर मी पेन्सिलीने नंबर घालतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी "ही कुठली रे?" म्हणून कोणी डोकं खात नाही. आयर्लंडच्या मेयो जिल्ह्यात तीस वर्षं हेच केलं. माझे वडील गवंडी होते. ते घराच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून एक रात्र जाऊ द्यायचे, आणि सकाळी एखादा दगड हललेला दिसला की निमूटपणे घर सरकवायचे. मी त्यांना हसायचो. आता हसत नाही.

कोलमन रुआनची जागा त्याच्या आईच्या घराखालच्या उतारावर होती. तो बॉस्टनहून बारा वर्षांनी परतला होता आणि बायको ईटासह शेताच्या फाटकापाशी कॅरव्हॅनमध्ये राहत होता. ईटाला सहावा महिना लागलेला. बाळाचा पहिला हिवाळा त्या पत्र्याच्या डब्यात जाऊ नये, नाताळच्या आत डोक्यावर छप्पर यावं, एवढाच दोघांचा हट्ट. परवानगी मिळाली होती. नकाशात घर मधोमध आणि गॅरेज पश्चिमेच्या कोपऱ्यात, दगडी बांधाला लागून.

सोमवारी मी घराच्या आठ खुंट्या ठोकल्या, मग गॅरेजच्या चार, नऊ ते बारा. आवराआवर करत होतो तेवढ्यात ईटा स्वयंपाकघरातली खुर्ची हातात घेऊन आली.

"मलाकी, बाळाची खोली कुठे येते? तीपण आखून दे ना."

आतल्या खोल्या आम्ही आखत नाही. पण तिला नाही म्हणणं जमलं नाही. मी तेरा, चौदा, पंधरा, सोळा ठोकल्या. तिने मधोमध खुर्ची ठेवली आणि ऐटीत बसली.

"इथून डोंगर दिसेल?"

"आत्ता घे बघून पोटभर. भिंती आल्या की खिडकीएवढाच दिसेल."

ती हसली. कोलमन दार नसलेल्या जागी टकटक करून आत आला. त्या दोघांना त्या रिकाम्या गवतात घर दिसत होतं, आणि मला बरं वाटलं.

चहा घेऊन कोलमनची आई डीलिया आली. वय ऐंशीच्या घरात, पायात रबरी बूट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सोडा ब्रेडची टोपली. "गॅरेज त्याच कोपऱ्यात का?" तिने विचारलं.

"नकाशात तसंच आहे, डीलिया."

"मग ठीक." तिने कप भरले, पण सगळा वेळ ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी होती.

मंगळवारी सकाळी गॅरेजच्या चारही खुंट्या आत सरकलेल्या होत्या. चारी बाजूंनी जवळजवळ मीटरभर. घराची एकही हललेली नव्हती.

"गाई आल्या असतील बांधावरून," कोलमन म्हणाला. "अंग घासतात खुंट्यांना."

मीही तेच म्हणालो. तरी सवयीने टेप लावला. दोन्ही कर्ण सारखे निघाले. गाई खुंट्या पाडतात, काटकोनात पुन्हा उभ्या करत नाहीत. मी स्वतःवरच चिडलो, आदल्या दिवशी माझंच माप चुकलं असं ठरवलं आणि पुन्हा आखलं. या वेळी मोठ्या हातोड्याने ठोकलं.

बुधवारी त्या चार खुंट्यांमध्ये जेमतेम एक जेवणाचं टेबल मावलं असतं. गवतावर दव जसंच्या तसं होतं. कोणाच्याही पावलाने मोडलेलं नव्हतं. कर्ण सारखे.

कोलमनचा पारा चढला. तो थेट आईपुढे जाऊन उभा राहिला. "तूच करतेस ना हे? तुला पहिल्यापासून हे घरच नकोय."

"कोलमन, मला बूट घालायला वाकता येत नाही," डीलिया शांतपणे म्हणाली. "हातोडा कुठून उचलू?"

तिचं खरं होतं. माझ्या ठोकलेल्या खुंट्या उपटायला मलाच दोन्ही हात लागत होते. मी तिसऱ्यांदा आखलं. त्या दिवशी घरी जाताना वडिलांची फार आठवण आली. त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ते कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी मी गेलो तेव्हा डीलिया कोपऱ्यात आधीच उभी होती. या वेळी तिचं तोंड कोपऱ्याकडे होतं. बांधापासून दोन पावलांवर चार लाल डोकी एकमेकांजवळ उभी होती.

"मोज," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो. "बावीस इंच. आणि अकरा."

"लोण्याचं खोकं," डीलिया म्हणाली. "दुकानातून लोणी यायचं ना, ते लाकडी. मार्टिनने, कोलमनच्या बापाने, तेच नेलं होतं."

कोलमन आणि ईटा मागे येऊन थांबले होते. डीलिया त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. कोलमनच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. श्वास न घेताच गेली. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला तेव्हा चर्चच्या आवारात जागा नसे. बाप उजाडायच्या आत खोकं काखेत घेऊन निघायचा आणि शेताच्या हद्दीवर कुठेतरी पुरून यायचा. खूण ठेवायची नाही, बोलायचं नाही, अशी रीत.

"मी खाटेवर होते. चाळीस वर्षं विचारलं त्याला, कुठे ठेवलीस. मला संशय याच कोपऱ्याचा होता, पण मरेपर्यंत सांगितलं नाही त्याने." तिने काठीने खुंटीला हलकेच स्पर्श केला. "आता कळलं. एवढी जागा सोड रे, कोलमन."

"सोड ना," ईटा म्हणाली.

कोलमनचा चेहरा पांढरा पडला होता. तो वाईट माणूस नव्हे. पण गॅरेज हलवायचं म्हणजे नवा अर्ज, नवा नकाशा, निदान तीन महिने. "आणि डिसेंबरात बाळाला कुठे ठेवू?" तो म्हणाला. "त्या डब्यात? उद्या सकाळी पाया खणायला जेसीबी येतोय, आई. इथे काही असेलच असं कोण सांगणार? चार खुंट्या?"

मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी थांब म्हणायला हवं होतं. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला मुलगी दिसत नव्हती. चार खुंट्यांना भिऊन काम थांबवणारा मी दिसत होतो, आणि गावात होणारं हसू. मी वाकून चारही खुंट्या उपटल्या. आठवडाभर पाऊस नव्हता, माती ठणठणीत कोरडी होती. खुंट्यांची टोकं मात्र ओली निघाली आणि हाताला कोमट लागली.

डीलिया चार भोकांकडे एकदा बघून घराकडे चढून गेली. त्या दिवशी चहा आला नाही. मी नकाशाबरहुकूम गॅरेज पुन्हा आखलं.

शुक्रवारी मी आठालाच पोचलो. गाडीतून उतरायचा धीर होईना. मग उतरलो आणि दुर्बिणीशिवायच दिसलं. गॅरेजच्या खुंट्या जागच्या जागी होत्या. नऊ, दहा, अकरा, बारा. टेप लावला. एका बोटाचाही फरक नव्हता.

मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच मोठ्याने हसलो. शेतरस्त्याच्या तोंडाशी जेसीबीची घरघर ऐकू येत होती.

मग काल उपटलेल्या खुंट्यांची भोकं बुजवायला म्हणून मी गॅरेजच्या आखणीच्या आत गेलो.

चार भोकं तशीच होती.

त्यांच्या शेजारी, वीतभर अंतर सोडून, चार खुंट्या उभ्या होत्या.

मी टेप काढला. बावीस इंच. अकरा. कर्ण सारखे.

मग नंबर वाचले. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेन्सिलीने. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

मी मागे वळलो. कोलमन जेसीबीला हात करत फाटक उघडायला धावला होता. ईटा घराच्या आखणीच्या मधोमध उभी होती, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात खुर्ची. ती गवताकडे बघत एकदा इकडे सरकली, एकदा तिकडे.

"मलाकी," तिने हाक मारली, "बाळाची खोली कुठे गेली?"

खुर्ची कुठे टेकवायची तेच तिला कळत नव्हतं.