बरकत, दोन, तीन

लढाई संपून दोन वर्षं झाली, तरी बसऱ्याच्या धक्क्यावर तिचे हिशेब संपायचं नाव घेत नव्हते. नऊम मोसूलचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, सरकारी माल खात्यात कारकून. आज त्याला एकच कागद मिटवायचा होता. मुंबईहून निघालेल्या रेल्वेच्या आणि फौजेच्या तीनशे साठ पेट्या. उतरल्याची नोंद तीनशे चोवीस. मोजणारा मुकादम मिझाल महिन्यापूर्वी तापाने गेलेला. मेलेल्याच्या नावावर चोरी लिहायला काय जातंय? तो थोडाच भांडायला येणार!

मिझालची बायको नसरा मात्र सकाळीच येऊन गेली होती.

"उस्ताद, तुमची सही झाली की भरपाईपोटी आमची होडी लिलावात. मग पोरांना काय चिखल खायला घालू?"

"आकडे मी बनवत नाही, बाई," नऊम म्हणाला होता.

दुपारी सगळा धक्का झोपला. उन्हाने डांबर वितळत होतं, सडक्या खजुराचा वास साचला होता. नऊमने टाक उचलला आणि शेजारच्या रिकाम्या गोदामातून संथ, घोगरा आवाज आला.

"बरकत… दोन… तीन…"

आवाज मिझालचा होता. तीन दिवस नऊमने त्याच आवाजावर रेघा ओढल्या होत्या, आकड्यागणिक एक. त्याने दारातून डोकावून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. आवाज तेवढा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता. दहा झाले आणि पुन्हा पहिल्यापासून.

"बरकत… दोन…"

पण भीतीच्या आधी नऊमला कळली ती चूक. इथले मोजणारे 'एक' म्हणत नाहीत. मालात तूट येऊ नये म्हणून 'बरकत' म्हणतात. त्याला ती प्रार्थना वाटली होती. तिथे त्याने रेघच ओढली नव्हती. दहात एक. तीनशे साठात छत्तीस.

कबूल केलं तर नोकरी जाणार, आणि मोसूलला आई त्याच्याच पगारावर जगत होती. तो खुर्चीत परत येऊन बसला, टाक पुन्हा उचलला.

"मिझाल… माझीही आई आहे रे."

मोजणी थांबली. थांबली ती त्याच्या खुर्चीच्या अगदी मागे.

नऊमने लिहिलं, तूट नाही, चूक माझी. खाली सही केली. साहेबाने त्याच दिवशी त्याला घरी बसवलं.

संध्याकाळी तो नसराकडे गेला. ती मासे साफ करत होती.

"कळलं मला," ती मान वर न करता म्हणाली. "दुपारीच पोरांचा बाप येऊन सांगून गेला. म्हणाला, उस्तादांना सांग, अजून दोन जहाजं राहिलीत."

मिझालच्या आधीच्या त्या दोन जहाजांची मोजणीही नऊमनेच लिहिली होती. तिथला मुकादम चोर ठरून तुरुंगात मेला होता.

"एकटाच… आला होता?"

"नाही. बरोबर कुणी तरी होता, ओळखीचा नव्हता," नसरा म्हणाली. "त्यानं तुमचं घर कुठलं, तेवढं विचारलं."