आठवड्याचा पहिला दिवस

"बिस्किटं भरलीत, पुढच्या महिन्यात या," असं म्हणून मी त्याला दारातूनच वाटेला लावत होते. उंच, सावळा, खांद्याला काळी बॅग — सेल्समन नाहीतर दुसरं कोण असणार?

तो जागचा हलला नाही. "मी बिस्किटवाला न्हाई, मॅडम. जालन्याहून आलोय. सॉफ्टवेअर बसवायला."

आणि हसला... गालावर एकाच बाजूला खळी! मी उगीचच वजनकाटा पुसायला घेतला.

वडीगोद्रीच्या पुढं, हायवेला लागून आमचं किराणा दुकान. बाबा गेल्यापासून आईच बघायची, गल्ल्यावर मी नुकतीच बसायला लागले होते. कोणता माल किती मागवायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर मीच हट्ट करून घ्यायला लावलं. आईची अट होती, "जमलं तर ठीक, दीपमाला. न्हाई तर दुकान मच्छिंद्रमामा बघतील." मामा तर एका पायावर तयार होते.

राजानंद — हे त्याचं नाव — माहिती भरता भरता म्हणाला, "तुमचा आठवडा कधी सुरू होतो?"

"बाजारापासनं!" आई आतून ओरडली. आमच्याकडं उधारी असो की पाहुणचार, सगळं बाजार ते बाजार धरतात. गावचा बाजार सोमवारी. त्यानं सोमवार टाकला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण झालं भलतंच. बाजार झाला की फळ्या रिकाम्या, आणि सॉफ्टवेअर म्हणणार, माल भरपूर आहे, मागवू नका! मग आठवडाभर साबण न्हाई, चहापत्ती न्हाई. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं आणि आई माझ्याकडं बघायची. शेवटी तीच धावतपळत अंबडहून माल आणायची.

राजानंद दर आठवड्याला यायचा. उसाच्या ट्रॅक्टरांमागून आल्यामुळं केसात धूळ भरलेली.

"सापडलं का?" मी विचारायची.

"बघून राह्यलो..."

"स्क्रीन तिकडं आहे. इकडं काय बघता?"

तो लाल व्हायचा. मलाही गुदगुल्या व्हायच्या, पण दुकान हातचं चाललं होतं. आई म्हणाली, "आणखी एक बाजार बघते." तेव्हा माझी झोपच उडाली.

मंगळवारी मी स्वतः बसले आणि मेळ लागला. सॉफ्टवेअर आठवड्याच्या पहिल्या सकाळी माल बघून मागणी काढतं. सोमवारी सकाळी तर आमचं दुकान बाजारासाठी गच्च भरलेलं! आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवा होता. मी जालन्याच्या ऑफिसात फोन लावला. शीतल नावाच्या मुलीनं उचलला.

"सेटिंगमध्ये जा, पहिला दिवस मंगळवार करा. झालं. फोनवरच होण्यासारखं हाये हे. राजानंदला म्हणलं होतं मी, तर म्हणे जाऊनच बघावं लागतं!"

मी मंगळवार केला आणि एकटीच हसत बसले.

मागणी बरोबर निघाली, माल वेळेत आला. पुढचा बाजार झाला तरी त्या आठवड्यात एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं नाही. आईनं मच्छिंद्रमामांना फोन करून सांगितलं, "दुकान दीपमालाच बघंल." मला रडूच आलं.

फक्त राजानंद यायचा बंद झाला. तक्रारच नव्हती, येणार कशाला? मला करमेना. दारात कुणी उभं राहिलं की मान आपोआप वळायची, आणि समोर खरोखरचा बिस्किटवाला असायचा.

शेवटी मीच फोन केला.

"काय झालं, मॅडम? पुन्हा अडकलं का?"

"न्हाई. बराबर चालू आहे."

"मंग...?"

"तुम्ही मला आवडता. ते सांगायला केला."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग खूप हळू, "दीपमाला... मी तर पहिल्याच दिवशी फसलो. फोनवर होण्यासारखं असलं तरी मुद्दाम यायचो. निघू का आत्ता?"

"जल्दी निघा."

दुपारी तो दारात उभा राहिला. बॅग नव्हती, केस विंचरलेले. आई बाहेर आली, त्याला बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आता काय बिघडलं?"

"काहीच न्हाई बिघडलं, आई," मी म्हणाले. "मी बोलावलं त्यांना."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला. मी मान खाली घातली नाही.

"मंग उन्हात उभं कशाला ठेवलं?" आई म्हणाली. "आत घे त्यांना."