सगळ्यात वरचा नियम

"हॅलो, प्रसूती विभाग?"

"हो... म्हणजे, नाही. पण बोला ना, आत्ता वर धावत जाऊन विचारून येतो."

प्रसूती विभागात पुरुषाचा आवाज? आणि तोही असा हसरा? तिने दचकून विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी पायवाला."

"काय?"

"कृत्रिम पाय बनवतो, तळघरात. पण सकाळपासून हॉस्पिटलचे सगळे फोन मलाच, निम्मे जण तर बाळाचं वजन विचारताहेत. तुमच्याकडे काय, मुलगा की मुलगी?"

तिने नुसतं तपासायला म्हणून मोबाईलवरून फोन लावला होता. हॉस्पिटलचे सगळे फोन आजपासून इंटरनेटवरून चालणार होते, आणि बाहेरून आलेला प्रत्येक फोन कुठे वाजवायचा हे ठरवणारा गेटवे तिने, एकटीने, बसवला होता. तिचं पहिलं स्वतंत्र काम! तिच्या साहेबांनी बजावलं होतं, "एक जरी तक्रार आली, तर उद्यापासून तिथे दुसरा माणूस जाईल." तिनेही मान ताठ ठेवून सांगितलं होतं, "येणार नाही."

ही ताठ मान आईकडून आलेली. आई एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, वायरी खोचून अख्ख्या गावाचे फोन जोडायची. चुकीचा जोडला गेलाच, तर त्या माणसाला स्वतः फोन करून माफी मागायची. हल्ली मात्र तिचा लेकीला एकच प्रश्न असायचा, "जगाचे फोन जोडतेस बाई, तुझा कधी जोडला जायचा?"

ती लॅपटॉप छातीशी धरून धडाधड जिने उतरली. तळघरातल्या खोलीत भिंतीला ओळीने पाय टेकवून ठेवलेले, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि मधोमध तो. भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या, फोन गाल आणि खांद्यात धरलेला. "अभिनंदन! नर्सताई म्हणाल्या, दोघंही मजेत आहेत... नाही हो, मी कसला डॉक्टर!"

फोन ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तुम्ही फोनवाल्या ना?"

उत्तर न देता ती स्टुलावर बसली आणि लॅपटॉप उघडला. चूक समोरच होती. तपासणीसाठी तिने नियम घातला होता, कुठलाही फोन आला तरी तळघरात वाजव. ही खोली बंद असते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तपासणी झाली, आणि तो नियम सगळ्यात वरच राहिला.

"गेटवे वरून खाली वाचत जातो," ती पुटपुटली. "पहिला नियम जुळला, की पुढचे बघतही नाही."

"अगदी माझी आत्या! माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं, तेच पसंत. पुढची बघायलाच तयार नाही."

तिची बोटं थबकली. "...मग?"

"मुलीने नाही म्हटलं. घरभर पाय बघून घाबरली."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. तिने तो नियम ओढून तळाला नेला. फोन गप्प झाला.

"काळजी करू नका," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला काही बोललो नाही. सगळे फोन निभावले. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

दुसरी कुणी असती तर आभार मानले असते. हिचे कान तापले.

"का नाही बोललात? माझी चूक दुसऱ्याने झाकलेली मला चालत नाही. चूक माझी, तर सांगणारी पण मीच."

"अहो, काम जाईल तुमचं!"

"गेलं तर गेलं."

प्लास्टरने भरलेले हात तसेच हवेत धरून तो बघत राहिला, आणि ती जिना चढूनही गेली.

दुपारी काम ताब्यात द्यायला साहेब आले होते. त्यांच्यासमोरच तिने अधीक्षकबाईंना सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला.

"पण माझ्याकडे तर एकही तक्रार नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या.

"नाही, कारण तळघरातला एक माणूस सकाळपासून जिने चढतोय-उतरतोय. तक्रार माझीच समजा."

बाईंनी चष्मा काढला, तिला नीट न्याहाळलं. "साहेब, इथे दुसरा माणूस पाठवायचा नाही. हीच हवी."

मग तिने सकाळी फोन केलेल्या एकेकाला स्वतः फोन लावला, माफी मागितली. रागावलं कुणीच नाही. एका आजींनी उलट विचारलं, "तो मुलगा लग्नाचा आहे का गं? माझी नात आहे."

"विचारून सांगते," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, फोन जरा घाईनेच ठेवला.

संध्याकाळी ती तळघरात आली, तेव्हा तो दारातच उभा होता. चेहरा धुतलेला, भुवया काळ्या... आणि बऱ्याच दाट.

"कळलं मला! नर्सताई सांगून गेल्या. मी येईल त्याला सांगत सुटलोय, आपली फोनवाली कशी—"

"आपली?"

तो अडखळला. "ओळख आजचीच आहे... पण अभिमान वाटला खरा. खूप वाटला."

तिने कोपऱ्यातल्या फोनकडे बोट दाखवलं.

"ज्या फोनला कुठेच जागा नाही, तो इथेच वाजेल," ती म्हणाली. "बाईंना विचारून मी तो नियम तळाला तसाच ठेवलाय. तुमच्याइतकं धावणारं दुसरं कुणी नाही इथे."

"मग अजून एक नियम घाला ना. मी रिसीव्हर उचलला, की फोन थेट तुमच्याकडे..."

"हॉस्पिटलच्या गेटवेत खासगी नियम मी घालत नाही."

त्याचा चेहरा एवढासा झाला. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि मोडीत काढलेल्या एका साच्यावर आकडे लिहिले.

"हा माझा नंबर. मध्ये कुठलाच नियम नाही. आणि हो, एका आजींना उत्तर द्यायचंय. तुम्ही लग्नाचे आहात का?"

"हे आजी विचारताहेत, की..."

"सकाळच्या आजींनी नातीसाठी विचारलं होतं," मान ताठ ठेवूनच ती म्हणाली. "आत्ता मी विचारतेय. माझ्यासाठी."

त्याने खिशातून मोबाईल काढला, साच्यावरचा एकेक आकडा दाबला. तिच्या हातातला फोन वाजला.

"हॅलो?" समोर उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघत ती म्हणाली.

"आजींना सांग," तो फोनमध्ये म्हणाला, "मुलगा लग्नाचा आहे. पण त्यांना जरा उशीर झाला."