चारशे ठिपके

सावलीकडच्या वननाक्यावर रात्री वीज गेली, तेव्हा निवृत्त वनपाल नानाजी अंगणातल्या बाजेवर सरसावून बसले आणि नव्या वनरक्षकांना म्हणाले, "दिनेशले मी चांगला वळखतो. त्यानं मले जसं सांगतलं तसंच सांगतो. एक शब्द वाढवत नाई."

त्या शनिवारी, चैत्री पौर्णिमेला, दिवेलागणीनंतर वनकार्यालयात संगणकाचे काम पाहणारा दिनेश बुधरीबाईच्या दारी गेला तो तिच्या नवऱ्याची विजेरी परत करायला. डोमाजी वनकार्यालयातला रात्रीचा चौकीदार. पाच आठवड्यांपूर्वी, सुटीच्या दिवशी, पहाटे मोहफुले वेचताना वाघाने त्याला नेले. विजेरी मात्र कार्यालयातल्या खिळ्याला लटकत राहिली होती.

बुधरीबाईने ती पदराने पुसली. फुले पडून वाया जात आहेत, उद्या पहाटे आपणच शिवेवरच्या त्या मोहाखाली जाणार, असे तिने सहज सांगितले. दिनेश चपापला.

"भोंगा वाजला तर नाई जाईन," ती म्हणाली. "तुमची मशीन जागी असते न, दिनेशभाऊ?"

"असते."

यंत्र जागे असे, हे खरे. गावाच्या शिवेवरील कॅमेऱ्याचे चित्र कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत उमटे, आणि दिनेशने लिहिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, त्या चौकटीवर पहारा देई. चित्र बदलले की ते साठवायचे आणि गावातला भोंगा वाजवायचा, एवढेच तिचे काम. पण सुरुवातीला गवत हलले तरी भोंगा वाजे. गाव वैतागले, साहेब संतापले. तेव्हा दिनेशने तीत एक आकडा घातला : चित्रातल्या चारशे ठिपक्यांहून कमी बदल झाल्यास दुर्लक्ष करावे. भोंगा शांत झाला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तंबाखू-सुपारीत चुना घालून खर्रा घोटता घोटता डोमाजी तेवढा म्हणाला होता, "मशीन पाह्यते बापू, पन वळखत नाई." चौकटीत जनावर दिसले की तो चुन्याने माखलेले बोट थेट काचेवर टेकवी. "हे पाह्य, इथी." त्या बोटावर विळ्याचा जुना तिरपा वण होता. दिनेश चिडून काच पुसून काढी.

डोमाजी गेला त्या पहाटे वाघ पोट भुईला टेकवून, दबत दबत आला होता. पुढे दिनेशने कॅमेऱ्यातली चित्रे काढून बदललेले ठिपके मोजले. तीनशे ऐंशी. हे तो कुणाला बोलला नाही. आकडा उतरवला तर भोंगा पुन्हा वेळीअवेळी वाजणार, साहेब कारण विचारणार, आणि मग ते सांगावे लागणार. म्हणून आकडाही तसाच राहिला.

कार्यालयात परतून अकरा वाजता त्याने आज्ञावली उघडली. चारशेवर नजर ठेवून बराच वेळ बसला. मग मिटली. आजची रात्र आपणच डोळ्यांत तेल घालून पाहू, असे त्याने मनाशी ठरवले. आकड्याचे सकाळी बघू.

दोन वाजेपर्यंत तो जागा होता. पुढे केव्हा डोळा लागला, ते त्याला कळले नाही.

जाग आली ती भोंग्याने.

तीन वाजून चाळीस मिनिटे. खोलीचे दार आतून बंद. चौकटीत चांदणे... मोहाचे झाड... खाली फुलांचा सडा. वारा नाही. काहीच हलत नव्हते. नोंद मात्र पडली होती : चारशे एक.

खर्ऱ्याचा वास आला.

चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीवर, एक पांढरा डाग होता. ओला दिसत होता. दिनेशने सवयीने बाहीने काच पुसली. बाही कोरडी राहिली. पुन्हा पुसली... डाग तिथेच.

तो वाकला. डागाच्या कडेला गवत दबलेले होते. ते गवत... श्वास घेत होते.

चौकटीच्या उजव्या कडेला उजेडाचा एक कवडसा आला. थांबला. तो उजेड दिनेशच्याच हातून त्या घरी गेला होता.

भोंगा वाजत होता.

कवडसा... वळला. आणि हळूहळू निघून गेला.

सकाळी करवंदीच्या जाळीमागे वाघाची बैठक सापडली. माती अजून दबलेली होती. दिनेशने आकडा उतरवला, साहेबांना तीनशे ऐंशीचे सांगितले आणि बुधरीबाईला बोलावून तिच्यासमोरही तेच सांगितले. तिने विजेरी मेजावर ठेवली. मग म्हणाली, "रात्री कोनं वाजवला भोंगा, ते दाखवा."

आज्ञावली पडदा आतून वाचते. काचेवर चुना लागो, धूळ बसो, तिला ते दिसत नाही. तिने साठवलेल्या चित्रात ते उतरूही शकत नाही. दिनेशने हे तिला दोनदा समजावले आणि तीन चाळीसचे चित्र उघडले.

बुधरीबाईने पदराने काच पुसून पाहिली. मग स्वतःचे बोट त्या डागाजवळ नेले आणि टेकवलेच नाही.

चित्र मोठे केले, तेव्हा चुन्यात बोटाच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. आणि त्या रेषांवरून तिरपा गेलेला... विळ्याचा वण.