खिळा कोणी ठोकला?

आमची पहिली भेट घडवली ती दाराने. मी बाथरूमचं दार आत ढकललं आणि पलीकडे माप घेत बसलेल्या सुताराच्या कपाळावर ते धाडकन आदळलं.

"बघितलंत?" कपाळ चोळत तो म्हणाला. "म्हणूनच हे काढायचंय."

खरं कारण होतं बाबांचा वॉकर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा त्या चिंचोळ्या जागेत शिरले, की दार हटेना आणि वॉकर वळेना. त्यावर सुताराने तोडगा काढला. बाजूची भिंत पोकळ करायची आणि नवं दार तिच्या पोटात सरकवायचं.

"म्हणजे उघडलं की दिसणारच नाही?" मी विचारलं.

"लाजाळू दार आहे. कोणी आलं की भिंतीत शिरतं." मग चहाचा कप उचलत, हळूच, "या घरात तशी पद्धतच दिसते..."

मी चहा ठेवून आत पळत असे, हे त्याने टिपलं होतं तर. दुसऱ्या दिवसापासून मी उंबऱ्याशी रेंगाळू लागले. तो दाराच्या रुळातला भुसा फुंकायचा, भुसा माझ्या केसांवर उडायचा, आणि तो मुद्दामच फुंकत होता याची मला खात्री आहे. ताज्या लाकडाचा वास आला की आजही मला ते दिवस आठवतात.

शेवटी दार बसलं. एका बोटाने सरकत होतं.

"या भिंतीत खिळा तेवढा ठोकू नका, दारात घुसेल," तो म्हणाला. पिशवी खांद्याला लावून थांबला. "उद्या दुसऱ्या गावी चाललोय. मोठं काम आहे... वर्षभर तरी परत येणं नाही."

"बरं," मी म्हणाले. म्हणायचं होतं जाऊ नका, आणि तोंडातून निघालं काय, तर बरं!

सकाळी दूध घेऊन परतले, तर दार भिंतीतून बाहेर येईना. भिंतीवर भलामोठा खिळा, त्यावर बाबांचा टॉवेल.

"टॉवेल कुठे अडकवायचा मग?" बाबा शांतपणे म्हणाले. "त्याला फोन कर."

तो प्रवासाची बॅग घेऊनच आला. खिळा पाहिला. "कोणी ठोकला?"

"मी नाही."

"मला वाटलं, तुम्हीच..." त्याने पक्कड उगाच हातात फिरवली. "म्हणजे — तसं वाटून बरं वाटलं होतं."

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नव्हते. "मग मीच ठोकला असं धरा."

पक्कड थांबली. "गाडी दुपारची आहे... चुकवू?"

"चुकवा."

"ठरलं असेल तर आधी ते दार बाहेर काढा," खोलीतून बाबा ओरडले. "मी केव्हाचा थांबलोय."

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दार अजून एका बोटाने सरकतं, फक्त त्यातलं खिळ्याचं भोक तसंच आहे. मी म्हणते, बुजव एकदा. हा म्हणतो, "आधी सांग, खिळा कोणी ठोकला?"

"मीच," मी म्हणते.